भिक्षापात्र पालथं झालं तेव्हा : म्यानमार 2007 आणि शेजाऱ्यांचे 54 दिवस

15 ऑगस्ट 2007. रंगूनमध्ये त्या दिवशी बसचं भाडं अचानक वाढलं. सरकारने आधी ना रेडिओवर काही सांगितलं, ना वर्तमानपत्रात छापलं. इंधनावरचं अनुदान गुपचूप काढून टाकलं होतं. डिझेल गॅलनला 1,500 क्याटवरून 3,000 वर गेलं आणि बस ज्याच्यावर चालत तो सीएनजी जवळजवळ पाचपट महागला. शहराच्या कडेला राहून रोजंदारीसाठी आत येणाऱ्या माणसाच्या मजुरीचा मोठा हिस्सा जाण्यायेण्यातच संपू लागला. चार दिवसांनी, 19 ऑगस्टला, काहीशे लोक निषेध म्हणून रस्त्याने नुसते चालत गेले. पुढे होते 1988 च्या विद्यार्थी उठावातले जुने कार्यकर्ते, मिन को नाइंग आणि त्यांचे सोबती. दोनच रात्रींत त्यांच्यातले बहुतेक म्होरके गजाआड झाले.

एरवी प्रकरण तिथेच मिटलं असतं. 1988 मध्ये सुमारे 3,000 माणसं मारून लष्कराने धाक बसवला होता आणि तो 19 वर्षं पुरला होता. पण 5 सप्टेंबरला पकोक्कू या मठांच्या गावी सैनिकांनी भिक्षूंच्या शांत मोर्चावर हवेत गोळ्या झाडल्या, भिक्षूंना मारहाण केली. भिक्षूंनी माफी मागायला 17 तारखेपर्यंत मुदत दिली. माफी आली नाही. 18 सप्टेंबरपासून भिक्षूंनी लष्करी अधिकारी आणि त्यांच्या कुटुंबीयांकडून भिक्षा घेणं थांबवलं.

आपल्याकडे ज्यांनी बौद्ध विनय, म्हणजे भिक्षूंचे नियम, वाचलेत त्यांना 'पत्तनिक्कुज्जन कर्म' हा शब्द ओळखीचा असेल. पात्र पालथं करणं. भिक्षूने ज्याचं दान नाकारलं त्याला पुण्य मिळवायची वाटच उरत नाही. मागणाऱ्याने देणाऱ्याला वाळीत टाकायचं, असा हा उलटा बहिष्कार. ब्रह्मदेशातले सेनापती मठांना देणग्या देताना, पॅगोडांना सोन्याचा मुलामा चढवताना रोज सरकारी टीव्हीवर दिसत. त्यांच्या राज्य करण्याच्या अधिकाराचा निम्मा आधार तेवढाच होता. तोच काढून घेतला गेला.

(जगाने याला 'केशरी क्रांती' म्हटलं. तिथल्या भिक्षूंचं चीवर केशरी नसतं, ते गडद तांबडं, विटकरीकडे झुकणारं असतं. नाव बाहेरच्यांनी दिलं आणि ते चिकटलं. या प्रकरणात बाहेरच्यांनी दिलेल्या बऱ्याच शब्दांचं असंच आहे.)

22 सप्टेंबरला भर पावसात भिक्षूंचा एक जथा मेत्त सुत्त, म्हणजे मैत्रीभावनेचं सूत्र, म्हणत युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवरून गेला. पहाऱ्यावरच्या शिपायांनी अडसर बाजूला केला आणि स्थानबद्धतेतल्या लोकशाहीवादी नेत्या आंग सान सू ची काही मिनिटं फाटकापर्यंत आल्या. 24 तारखेला रंगूनच्या रस्त्यांवर लाखभर माणसं होती. 25 ला संचारबंदी, पाचाहून जास्त लोकांनी जमायला मनाई. 26 ला श्वेडगॉन पॅगोडापाशी लाठ्या आणि अश्रुधूर. त्या रात्री आणि पुढे कित्येक रात्री मठांवर छापे पडले. भिक्षूंना ट्रकमध्ये कोंबून नेलं. 27 ला सुले पॅगोडाजवळ गोळीबार झाला आणि जपानी पत्रकार केन्जी नागाई रस्त्यावर पडले. उताणे पडलेल्या त्यांच्या हातात कॅमेरा अजून वर धरलेला, शेजारून सैनिक धावतोय, असं त्या क्षणाचं छायाचित्र जगभर छापून आलं. 28 ला सरकारने इंटरनेटच तोडलं. मृतांचा सरकारी आकडा आधी 10 होता, मग 15 झाला. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी पाउलो सर्जिओ पिन्हेरो यांनी नंतर किमान 31 नोंदवले. पकडलेले हजारोंच्या घरात होते.

इथवरची हकीकत बहुतेकांना थोडीफार माहीत असते. माझा रस आहे तो 27 सप्टेंबर ते 20 नोव्हेंबर या 54 दिवसांत. या काळात शेजारी देशांनी तोंडाने काय म्हटलं आणि हाताने काय केलं, या दोन हिशेबांची जुळणी करून पाहायची आहे.

न्यूयॉर्कमधली खोली

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेसाठी आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचे दहाही परराष्ट्रमंत्री त्या आठवड्यात न्यूयॉर्कला होते. 27 तारखेला, म्हणजे नागाई पडले त्याच दिवशी, त्यांची बैठक झाली. अध्यक्षपद सिंगापूरकडे होतं, मंत्री होते जॉर्ज यो. बैठकीनंतर जे निवेदन निघालं तसं आसियानच्या 40 वर्षांत निघालं नव्हतं. निदर्शकांवर स्वयंचलित शस्त्रं चालवल्याच्या बातम्यांनी मंत्री हादरले आहेत, हिंसा ताबडतोब थांबवावी अशी त्यांची मागणी आहे, सू ची यांच्यासह सगळ्या राजकीय कैद्यांना सोडावं. आणि एक शब्द, ज्याला मराठीत 'किळस' हाच जवळचा: मंत्र्यांनी म्यानमारचे परराष्ट्रमंत्री न्यान विन यांच्याकडे आपली किळस व्यक्त केली.

न्यान विन त्याच खोलीत बसले होते. घरातल्या माणसाला घरच्यांनी समोरासमोर असं बोलणं आसियानच्या रीतीत बसत नाही. तिथली रीत म्हणजे एकमेकांच्या अंतर्गत कारभारात नाक खुपसायचं नाही आणि जे ठरवायचं ते सर्वांच्या सहमतीने. म्यानमारला 1997 मध्ये सदस्य करून घेतलं तेव्हा पाश्चात्त्य देशांनी बोंब मारली होती. आत घेतलं की वळण लागेल, असं उत्तर आसियानने दिलं होतं. 2003 मध्ये देपायिनला सू ची यांच्या ताफ्यावर हल्ला झाला तेव्हा मलेशियाचे महाथिर मोहम्मद यांनी शेवटचा उपाय म्हणून हकालपट्टीचीही भाषा केली होती. 2006 चं अध्यक्षपद म्यानमारला 'स्वखुशीने' सोडायला लावलं गेलं. म्हणजे नाराजी जुनी होती. ती इतक्या उघड शब्दांत आली नव्हती, इतकंच.

निवेदनाच्या मथळ्याकडे मात्र बारकाईने पाहायला हवं. ते आसियानचं संयुक्त निवेदन नव्हतं, अध्यक्षांचं निवेदन होतं. संयुक्त म्हटलं की दहावी सही न्यान विन यांची लागली असती. अध्यक्षांच्या नावावर काढलं की सहीचा प्रश्नच उरत नाही. ही पळवाट हुशारीची होती, आणि तीच त्या शब्दाची मर्यादाही होती. किळस वाटली ती नऊ मंत्र्यांना. संघटनेला अधिकृतपणे काहीच वाटलं नाही.

दिल्ली : गॅस आणि शेजारधर्म

आता आपल्याकडे वळू.

23 आणि 24 सप्टेंबरला, रंगूनमध्ये लाखभर लोक रस्त्यावर येत होते तेव्हा, भारताचे पेट्रोलियम मंत्री सुमारे सव्वातीनशे किलोमीटर उत्तरेला, लष्कराने जंगलात वसवलेल्या नेपिडो या नव्या राजधानीत होते. मंत्री होते मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा. ओएनजीसी विदेशला म्यानमारच्या पश्चिमेकडच्या अराकानच्या किनाऱ्याबाहेर खोल समुद्रातले तेल-वायू शोधण्याचे तीन गट मिळाले होते, त्यांच्या करारावर सह्या होत्या. ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही, एवढं श्रेय द्यायला हरकत नाही.

26 तारखेला परराष्ट्र मंत्रालयाचं निवेदन आलं. परिस्थितीबद्दल चिंता, बारीक लक्ष आहे, सर्व बाजूंनी संवादातून शांततेने मार्ग काढावा. 'सर्व बाजूंनी' हे शब्द मला तेव्हाही खटकले होते. एका बाजूला बंदुका आणि दुसऱ्या बाजूला सुत्तपठण असताना दोघांनाही समजुतीने घ्या म्हणायचं, म्हणजे कुणालाच काही म्हणायचं नाही. पुढे प्रणव मुखर्जी न्यूयॉर्कमध्ये न्यान विन यांना भेटले आणि झालेल्या घटनांची व बळाच्या वापराची चौकशी करण्याचा विचार व्हावा, असं त्यांनी सुचवलं. दिल्लीकडून आलेलं सगळ्यात ठाम वाक्य हेच.

दिल्लीची बाजू समजून घ्यायला 1988 पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी शेजाऱ्यांपैकी भारतच उघडपणे आंदोलकांच्या बाजूने उभा होता. पळून आलेल्या विद्यार्थ्यांना आसरा दिला, आकाशवाणीच्या बर्मी सेवेने सेनापतींना सोललं. 1993 चा जवाहरलाल नेहरू पुरस्कार सू ची यांना जाहीर झाला, आणि त्या तर दिल्लीच्या लेडी श्रीराम कॉलेजच्या विद्यार्थिनी. पण त्याच सुमारास हवा फिरली. सरहद्द 1,643 किलोमीटरची; नागालँड आणि मणिपूरमधल्या बंडखोरांचे तळ पलीकडच्या जंगलात; आणि आपण बोलणं टाकलं त्या काळात चीनने तिथे रस्ते, बंदरं, शस्त्रं सगळं पोचवलं होतं. मग 'पूर्वेकडे पाहा' धोरण आलं. 2001 मध्ये तामू ते कलेवा हा भारताने बांधलेला रस्ता खुला झाला, 2004 मध्ये लष्करी राजवटीचे प्रमुख थान श्वे दिल्लीला पाहुणे म्हणून आले, 2006 मध्ये राष्ट्रपती कलाम तिकडे गेले.

हा विरोधाभास एकाच घरात पाहायचा असेल तर जॉर्ज फर्नांडिस यांचा कृष्ण मेनन मार्गावरचा बंगला आठवावा. मुंबईच्या कामगार चळवळीतून आलेल्या या माणसाने निर्वासित बर्मी विद्यार्थ्यांना त्या घरात वर्षानुवर्षं राहू दिलं. ते संरक्षणमंत्री असलेल्या सरकारनेच तो तामूचा रस्ता पुरा करून दिला.

आता गॅसचा हिशेब, कारण दिल्लीची सारी सबुरी त्याच्यासाठी होती असं सांगितलं जायचं. अराकानच्या 'श्वे' या गॅसक्षेत्रात ओएनजीसी विदेशचा 20 टक्के आणि गेल या सरकारी गॅस कंपनीचा 10 टक्के वाटा होता. गॅस नळाने भारतात आणायची स्वप्नं रंगवली गेली, मध्ये बांगलादेश आडवा होता, बोलणी रखडली. 2008 च्या अखेरीला म्यानमारने तो गॅस चीनला विकण्याचा करार केला. 2013 मध्ये नळ सुरू झाला तो चीनच्या युनान प्रांताच्या दिशेने. त्या नळातही आपल्या कंपन्यांचा छोटा वाटा आहे. म्हणजे गप्प बसण्याची किंमत मिळाली, पण ती लाभांशाच्या रूपात. गॅस दुसऱ्याच्या चुलीत गेला.

2012 च्या नोव्हेंबरात सू ची दिल्लीत नेहरू स्मृती व्याख्यान द्यायला आल्या. आमच्या कठीण दिवसांत भारत आमच्यापासून दूर गेला याचं दुःख वाटलं, असं त्या शांतपणे बोलून गेल्या. (पुढे 2019 मध्ये त्याच सू ची हेगच्या न्यायालयात रोहिंग्यांच्या प्रकरणात आपल्या देशाची, म्हणजे त्याच लष्कराच्या कारवाईची, बाजू मांडायला उभ्या राहिल्या. पण ते प्रकरण वेगळं.)

बीजिंगने काय केलं

या गोष्टीत चीनला खलनायक ठरवून मोकळं होता येत नाही. जानेवारी 2007 मध्ये सुरक्षा परिषदेत म्यानमारविषयीच्या ठरावावर चीन आणि रशियाने नकाराधिकार वापरला होता. आसियानचा सदस्य इंडोनेशिया तेव्हा परिषदेत होता आणि तो तटस्थ राहिला, हेही लक्षात ठेवायला हवं. सप्टेंबरातही चीनने निर्बंधांना ठाम नकार दिला. हा शांततेला धोका नाही, देशांतर्गत बाब आहे, हीच जुनी टेप.

पण पडद्यामागे बीजिंगने हालचाल केली. संयुक्त राष्ट्रांचे दूत इब्राहिम गम्बारी यांना 29 सप्टेंबरला म्यानमारमध्ये प्रवेश मिळाला, त्यात चीनच्या रदबदलीचा वाटा होता. गम्बारी सू ची यांना भेटले, थान श्वे यांनाही भेटले. 11 ऑक्टोबरला सुरक्षा परिषदेने अध्यक्षीय निवेदन काढलं, तेही चीनच्या संमतीने. मूळ मसुद्यात 'निषेध' होता, तो काढून 'तीव्र खेद' या वजनाचा शब्द घातला गेला. तरी म्यानमारबद्दल परिषदेने औपचारिकपणे काही म्हणण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी बीजिंगमध्ये ऑलिम्पिक होतं, आणि भिक्षूंच्या रक्ताचे डाग आपल्या अंगरख्यावर दिसायला नको होते, हे कारण उघड आहे. कारण काहीही असो, 54 दिवसांत सेनापतींना खरोखर एखादं दार उघडायला लावलं असेल तर ते एकट्या चीनने.

थायलंडबद्दल थोडक्यात. पंतप्रधान सुरयुद चुलानोन यांनी आमसभेत भिक्षूंवरचा हिंसाचार अमान्य असल्याचं सांगितलं. ते स्वतः वर्षभरापूर्वीच्या लष्करी बंडातून त्या खुर्चीवर आले होते. थायलंडच्या विजेचा मोठा भाग म्यानमारच्या यादाना आणि येतागुन क्षेत्रांतल्या गॅसवर चालायचा आणि त्या गॅसचे पैसे हा सेनापतींच्या परकीय चलनाचा मुख्य झरा होता. झरा एक दिवसही आटला नाही.

सिंगापूर, नोव्हेंबर

या प्रकरणाची खरी परीक्षा इथे झाली.

आसियानच्या चाळिशीनिमित्त सिंगापुरात शिखर परिषद होती आणि संघटनेची पहिली सनद, म्हणजे तिची घटनाच म्हणा, सह्यांसाठी तयार होती. यजमान पंतप्रधान ली सिएन लूंग यांनी गम्बारींना आमंत्रण दिलं होतं: पूर्व आशिया परिषदेत चीन, भारत, जपान, ऑस्ट्रेलिया हे सगळे जमतील, त्यांच्यासमोर म्यानमारमध्ये काय पाहिलं ते सांगा. गम्बारी सिंगापुरात पोचलेही.

19 नोव्हेंबरच्या रात्री नेत्यांचं जेवण होतं. म्यानमारचे पंतप्रधान थेन सेन यांनी हरकत घेतली. हा आमचा घरगुती प्रश्न आहे, आम्ही तो हाताळायला समर्थ आहोत, गम्बारींना अहवाल द्यायचा तर तो सुरक्षा परिषदेला द्यावा. सहमती नाही म्हणजे कार्यक्रम नाही. उशिरा रात्री ली यांनी पत्रकारांना सांगितलं की गम्बारींचं निवेदन होणार नाही. ज्या नेत्यांना हवं त्यांनी त्यांना एकेकटं भेटावं. ज्याच्याबद्दल ऐकायचं होतं त्यानेच ऐकू नका म्हटलं आणि सभेने ते मानलं. ज्याच्यावर आरोप त्यालाच न्यायसभेत एक पूर्ण मत, आणि तेही नकार देणारं.

सात आठवड्यांपूर्वीची किळस आणि ही रात्र यांच्यात कुणाचं मन बदललं होतं असं मला वाटत नाही. न्यूयॉर्कला शब्द काढायचा होता, तो अध्यक्षाच्या नावाने काढता आला. सिंगापुरात एक कृती करायची होती, माणसाला बोलू द्यायची साधीशी, आणि कृतीला पळवाट नव्हती.

20 तारखेला सनदेवर दहाही देशांच्या सह्या झाल्या, थेन सेन यांचीही. सनदेत लोकशाही आहे, मानवी हक्क आहेत, कायद्याचं राज्य आहे, पुढे कधीतरी मानवी हक्कांसाठी यंत्रणा उभी करायचंही कलम आहे. सनदेआधी नामवंतांच्या एका गटाने सुचवलं होतं की गंभीर उल्लंघन करणाऱ्या सदस्याचे हक्क गोठवता यावेत. मसुदा करणाऱ्यांनी ते वगळलं. त्याऐवजी ठरलं असं: सनदेचं गंभीर उल्लंघन झालं तर बाब शिखर परिषदेकडे जाईल. शिखर परिषद निर्णय कसा घेईल? सहमतीने.

फिलिपिन्सच्या अध्यक्षा ग्लोरिया आरोयो यांनी तेवढ्यात एक खडा टाकला. सू ची यांची सुटका झाली नाही तर आमच्या संसदेला या सनदेला मान्यता देणं अवघड जाईल, असं त्या म्हणाल्या. याला वजन होतं, कारण दहाही देशांनी मान्यता दिल्याशिवाय सनद लागू होणार नव्हती. या सगळ्या नाट्यात शब्दाच्या मागे हत्यार असलेली हीच एक जागा.

पुढे काय झालं? जुलै 2008 मध्ये म्यानमारनेच सनदेला मान्यता देऊन टाकली. ऑक्टोबरात फिलिपिन्सच्या सिनेटनेही दिली. सू ची घरातच कैदेत होत्या. 15 डिसेंबर 2008 ला सनद लागू झाली. त्याच्या महिनाभर आधी मिन को नाइंग आणि त्यांच्या सोबत्यांना प्रत्येकी 65 वर्षांची शिक्षा ठोठावली गेली होती.

वेगळा एक निकाल

मधल्या काळात एक गोष्ट घडली, ती सोडून हे प्रकरण मांडणं अन्यायाचं होईल. 2 मे 2008 च्या रात्री नर्गिस चक्रीवादळ इरावतीच्या त्रिभुज प्रदेशावर आदळलं. सुमारे 1 लाख 38 हजार माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. सेनापतींनी परदेशी मदतीची जहाजं बाहेरच अडवून धरली आणि 10 मे रोजी, बहुतेक भागांत, आपल्या नव्या राज्यघटनेवर सार्वमतही उरकून घेतलं. त्या वेळी आसियानचे सरचिटणीस होते थायलंडचे सुरिन पित्सुवान. त्यांनी म्यानमार सरकार, संयुक्त राष्ट्रं आणि आसियान असा तिहेरी गट उभा करून मदतीला वाट काढून दिली. सेनापतींना पाश्चात्त्यांची भीती वाटत होती, आसियानची नव्हती. त्यामुळे आसियान आत जाऊ शकली.

हीच संघटना सहा महिन्यांपूर्वी एका माणसाचं भाषण होऊ देऊ शकली नव्हती. दोन्ही वेळा कारण तेच: सेनापतींना तिच्याकडून धोका वाटत नव्हता. तांदूळ पोचवायला ते उपयोगी पडलं, गोळ्या थांबवायला नाही. आत घेऊन वळण लावायच्या, 'रचनात्मक संबंध' म्हटल्या जाणाऱ्या या धोरणाचे टीकाकार आणि समर्थक यातली एकेकच बाजू सांगतात. मला विचाराल तर नर्गिसच्या वेळचं काम खरं होतं आणि त्याची किंमत नोव्हेंबरातल्या त्या रात्री भिक्षूंनी मोजली होती.

जपानबद्दल एक ओळ राहिली. आपला नागरिक भर रस्त्यात मारला गेल्यावर टोकियोने एका मनुष्यबळ विकास केंद्राची सुमारे 55 कोटी येनची मदत रद्द केली. आशियातल्या कुठल्याही देशाने या प्रकरणात खिशाला हात लावल्याचं हे जवळजवळ एकमेव उदाहरण.

2010 मध्ये सू ची सुटल्या, 2011 मध्ये थेन सेन राष्ट्राध्यक्ष झाले आणि जानेवारी 2012 मध्ये त्यांनीच मिन को नाइंग यांना सोडलं. मग 1 फेब्रुवारी 2021 ला पुन्हा बंड झालं. 27 मार्चला नेपिडोत सेना दिनाचं संचलन चालू असताना देशभरात शंभराहून अधिक माणसं गोळ्यांनी मारली गेली. त्या संचलनाला आठ देशांचे प्रतिनिधी हजर होते, भारताचाही. एप्रिलमध्ये जकार्तात आसियानने सरसेनापती मिन आंग ल्हाइंग यांना समोर बसवून पाच कलमांवर सहमती घेतली आणि घरी परतल्यावर त्यांनी ती बाजूला ठेवली. ऑक्टोबरच्या परिषदेसाठी अध्यक्ष ब्रुनेईने त्यांना बोलावलंच नाही. बिगरराजकीय प्रतिनिधी पाठवा, असं कळवलं. म्यानमारने कुणालाच पाठवलं नाही. यावेळी हरकत घ्यायला त्या जेवणाच्या टेबलावर कुणी नव्हतं.